≤ टाकलं तर ‘डी’ का येतो? लॅपटॉपवर गणिताची चिन्हं टाकताना होणारे घोळ

सहामाही जवळ आली की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या डीटीपीच्या टेबलापाशी गणिताचे सर आणि मॅडम यायला लागतात. हल्ली बहुतेकांकडे स्वतःचा लॅपटॉप असतो, मराठी टायपिंग येतं, पेपर घरीच तयार होतो. अडतं ते चिन्हांपाशी. “ओ, वर्गमूळ टाकलं तर बाण यायलाय बघा.” “≤ साठी आकडा दाबला तर इंग्रजी डी उमटायलाय.” “घरात बरोबर दिसत होतं, शाळेच्या कॉम्प्युटरवर नुस्ते चौकोन.” आणि शेवटी ठरलेलं वाक्य: कीबोर्ड गेलाय वाटतं.

कीबोर्ड गेलेला नसतो. अशा तक्रारींची मूळं तीन वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. चिन्ह उमटतच नसेल तर दोष बटणांच्या बाजूला असतो. भलतंच उमटत असेल तर दिलेल्या आकड्याचा अर्थ तो प्रोग्रॅम वेगळा लावतोय. आणि उमटलेलं चिन्ह दुसऱ्या मशीनवर बदलत असेल तर भानगड फॉन्टची. आधी आपलं दुखणं यातलं कुठलं ते बघा, मग खालचा तेवढाच भाग वाचलात तरी चालेल.

एक सूचना आधीच देतो. या लेखातले आकडे आणि सांकेतिक अक्षरं मी देवनागरीत लिहिलीत. टाकताना ती इंग्रजीच टाकायची. म्हणजे कीबोर्ड इंग्रजीवर हवा. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. मराठी कीबोर्ड चालू ठेवून कोड टाकत बसलात तर निम्म्या युक्त्या गप्प बसतात, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

काहीच उमटत नाही

ऑल्ट दाबून धरायचं, आकडा टाकायचा, ऑल्ट सोडायचं, की चिन्ह येतं. ही युक्ती सगळ्यांनी कुठंतरी ऐकलेली असते. पण ती चालते फक्त उजवीकडच्या नमपॅडवर, म्हणजे आकड्यांच्या बटणांच्या वेगळ्या गटावर. अक्षरांच्या वर जी आकड्यांची आडवी ओळ असते ती इथं चालत नाही. १४ इंची लॅपटॉपवर सहसा नमपॅड नसतोच. तिथं कितीही वेळा ऑल्ट दाबा, उपयोग नाही.

काही जुन्या लॅपटॉपवर नमपॅड अक्षरांच्या बटणांत लपवलेला असतो. जे, के, एल या बटणांच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगात १, २, ३ छापलेलं असतं. तसं दिसलं तर एफएन धरून नमलॉक चालू करा आणि त्या बटणांवर कोड टाका. काम झालं की नमलॉक बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढचा पासवर्ड टाकताना निम्मी अक्षरं आकडे होतात आणि ‘पासवर्ड चुकतोय’ म्हणून नवीन गोंधळ सुरू होतो.

नमपॅड आहे, तरीही चिन्ह येत नाही? मग डावीकडचं ऑल्ट वापरा. विंडोजमध्ये ‘इंग्लिश इंडिया’ हा कीबोर्ड निवडलेला असेल तर उजव्या ऑल्टचं काम वेगळं असतं. उजवं ऑल्ट आणि वरच्या ओळीतला ४ दाबला की ₹ येतो तो त्यामुळेच. त्या बटणावर चिन्हांचे कोड चालत नाहीत.

नमलॉकचा दिवाही बघा. तो बंद असेल तर नमपॅडवरचा ४ म्हणजे डावा बाण, आणि ब्राउझरमध्ये ऑल्ट आणि डावा बाण म्हणजे मागचं पान. ऑनलाइन फॉर्म भरत असताना ऑल्ट धरून ४ दाबला आणि भरलेलं सगळं गेलं, हे बघायला मिळतं. त्यामुळे ब्राउझरमध्ये मी ऑल्टचे कोड वापरूच नका म्हणतो. तिथला मार्ग वेगळा: विंडोजचं बटण आणि पूर्णविराम एकत्र दाबा. इमोजीची चौकट उघडते. तिच्यात चिन्हांचा एक वेगळा कप्पा आहे आणि त्यात गणिताचा गट आहे: √, ∞, ≤, ≠, ∫, ∑ सगळं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून ही सोय आहे. अलीकडे वापरलेली चिन्हं चौकटीत पुढं येतात, म्हणजे एका पेपरपुरतं शोधायचं काम एकदाच. नमपॅड नसलेल्या लॅपटॉपवर मी पहिल्यांदा हेच दाखवतो आणि बऱ्याच जणांचं काम तिथंच भागतं.

ज्यांना रोजच हे काम आहे त्यांनी यूएसबीचा सुटा नमपॅड घ्यावा, कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, बदल करून ऑल्टचे कोड वेगळ्या पद्धतीनं चालवण्याचाही एक प्रकार आहे. शाळेच्या मशीनवर तो करू नका. पुढच्या माणसाला कळत नाही काय झालंय ते.

उमटतं, पण भलतंच

हा भाग सर लोकांना सांगायला मजा येते, कारण यामागं सरळ भागाकार आहे.

युनिकोड म्हणजे जगभरच्या अक्षरांना आणि चिन्हांना क्रमांक देणारी सामाईक यादी. ≤ या चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक ८८०४. वर्डमध्ये ऑल्ट धरून ८८०४ टाकलं तर ≤ येतं. तोच कोड ब्राउझरमध्ये किंवा जुन्या नोटपॅडमध्ये टाकला की इंग्रजी लहान डी येतो. का? तिथं ऑल्टची पद्धत फक्त ० ते २५५ एवढेच क्रमांक ओळखते. मोठा आकडा दिला की त्याला २५६ ने भागून बाकी घेतली जाते. ८८०४ भागिले २५६ म्हणजे भागाकार ३४, बाकी १००. आणि १०० व्या जागी बसलाय डी. √ चा क्रमांक ८७३०, बाकी उरते २६, त्या जागेवर → हा बाण. ∫ चा ८७४७, बाकी ४३, आणि ४३ म्हणजे अधिकचं चिन्ह! बारावीच्या पेपरात संकलनाच्या जागी बेरीज. वर्डमध्ये पाठ केलेला कोड बाहेर कुठं वापरायचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

दुसरा घोळ शून्याचा. ऑल्ट + ०२४७ दिलं तर ÷ येतं. पुढचं शून्य गाळून २४७ दिलं तर ≈ येतं. म्हणजे ‘१२ भागिले ४’ चं ‘१२ म्हणजे अंदाजे ४’ झालं. ०२१५ म्हणजे ×, पण नुसतं २१५ म्हणजे ╫ अशी जाळीसारखी रेघ. ०१७७ म्हणजे ±, आणि १७७ म्हणजे ठिपक्यांचा एक करडा ठोकळा. कारण हे की विंडोजमध्ये २५६ चिन्हांच्या दोन वेगळ्या याद्या आहेत. शून्याशिवायची यादी १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेली, शून्यासकटची पुढं विंडोजबरोबर आलेली. पुढं शून्य लावलं की विंडोजची यादी वापरली जाते.

जुन्या यादीत गणिताचं सामान बरंच आहे: ≥ २४२, ≤ २४३, ÷ २४६, ≈ २४७, √ २५१, ² २५३, ∞ २३६, π २२७, ± २४१, अंशाचं ° २४८. हे बहुतेक विंडोज मशीनवर ब्राउझरमध्येसुद्धा चालतं, अर्थात नमपॅड असेल तर. गंमत म्हणजे तिच्यात ∩ आहे, २३९ वर, पण ∪ नाही. छेद टाकता येतो, संयोग नाही. ≠ आणि × सुद्धा नाहीत. त्यामुळे नववीच्या ‘संच’ प्रकरणाचा पेपर काढणाऱ्यांनी या यादीच्या नादाला लागूच नये. अर्ध्या वाटेत सोडते ती.

नवीन यादीत शून्य लावून × ०२१५, ÷ ०२४७, ± ०१७७, ° ०१७६, ² ०१७८, ³ ०१७९, ½ ०१८९, ¼ ०१८८, ¾ ०१९० एवढं पाठ करा. पाचवी-सहावीच्या पेपरला बहुतेक पुरतं.

वर्डमध्ये काम करत असाल तर

मग नमपॅडची गरजच नाही. चिन्हाचा युनिकोड क्रमांक टाका आणि लगेच ऑल्ट + एक्स दाबा. २२६४ लिहिलं, ऑल्ट + एक्स दाबलं, ≤ झालं. वरच्या ओळीतले आकडे चालतात. लिब्रेऑफिस रायटरमध्येही हीच युक्ती आहे. हे क्रमांक सोळाच्या पद्धतीतले आहेत (मघाचं ८८०४ सोळाच्या पद्धतीत २२६४ होतं), म्हणून काहींत अक्षरंही येतात.

शाळेच्या पेपरला रोज लागणारे एवढे एका कागदावर लिहून टेबलाला चिकटवा:

≤ २२६४, ≥ २२६५, ≠ २२६०, ≈ २२४८
√ २२१ए, ∞ २२१ई, π ३सी०, θ ३बी८
∴ २२३४, ∵ २२३५
∠ २२२०, ⊥ २२ए५, ∥ २२२५, ≅ २२४५, △ २५बी३
∈ २२०८, ∉ २२०९, ∪ २२२ए, ∩ २२२९, ⊂ २२८२, ⊆ २२८६, ∅ २२०५
∑ २२११, ∫ २२२बी, खरं वजाचिन्ह − २२१२

भूमितीच्या पेपरात ∴ आणि ∵ इतक्या वेळा येतात की हे दोन बोटांनाच पाठ होतात.

आता यात एक खाच आहे. संच ए आणि संच बी यांचा संयोग लिहायचाय. तुम्ही इंग्रजी ए टाकलात, जागा न सोडता २२२ए टाकलंत आणि ऑल्ट + एक्स दाबलंत. ∪ येत नाही, एक चौकोन येतो आणि संचाचं नावही गायब. कारण सोळाच्या पद्धतीत ए ते एफ ही अक्षरं आकडेच असतात, त्यामुळे वर्डनं संचाचं नाव आणि कोड मिळून एकच लांबलचक क्रमांक वाचला. ए, बी, सी, डी ही नावं तर संचांना आणि बिंदूंना हमखास दिलेली असतात, आणि चिन्हाआधी साधा अंक असला तरी हेच होतं. उपाय सोपा: कोडच्या आधी एक जागा सोडा. जागा नको असेल तर फक्त कोडचे चार आकडे माउसनं निवडा आणि मग ऑल्ट + एक्स दाबा.

हीच युक्ती उलटीही चालते. चिन्हाच्या मागं कर्सर ठेवून ऑल्ट + एक्स दाबलं की त्याचा क्रमांक दिसतो. पुढं याचा मोठा उपयोग आहे.

एक्सेलमध्ये ऑल्ट + एक्स चालत नाही. तिथं युनिकॅर (UNICHAR) हे फंक्शन वापरा, कंसात दशमान क्रमांक द्या, ≤ साठी ८८०४. एक्सेल २०१३ पासून पुढं ते आहे. गुगल डॉक्समध्ये ‘इन्सर्ट’ मधून ‘स्पेशल कॅरेक्टर्स’ उघडा. तिथं एक रिकामी चौकट असते, तिच्यात माउसनं चिन्ह वेडंवाकडं काढलं तरी ते ओळखतं. नाव माहीत नसलेलं चिन्ह शोधायला यासारखी दुसरी सोय मला ठाऊक नाही.

अपूर्णांक, वर्गमुळावरची लांब रेघ, सीमा असलेलं संकलन, हे मात्र एकेका चिन्हानं होत नाही. √ हे नुसतं चिन्ह आहे, त्याची रेघ पुढच्या पदावर ताणली जात नाही. √ क्ष + १ असं लिहिलं तर विद्यार्थी विचारणार, १ मुळाच्या आत की बाहेर? अशा वेळी ऑल्ट आणि = दाबा, समीकरणाची चौकट उघडते. आत उलटी तिरपी रेघ \ देऊन एसक्यूआरटी ही चार इंग्रजी अक्षरं टाका आणि दोनदा स्पेस द्या, वर्गमूळ तयार. त्याच पद्धतीनं टीएचईटीए म्हणजे θ, आयएनएफटीवाय म्हणजे ∞, आयएनटी म्हणजे ∫. < आणि = लागोपाठ टाकून स्पेस दिली तरी ≤ होतं. विद्यापीठात लाटेकमध्ये (गणिताचा मजकूर मांडायच्या प्रोग्रॅममध्ये) प्रबंध लिहिणाऱ्यांना ही नावं ओळखीची वाटतील, बरीचशी तीच आहेत. मराठी शब्द मात्र या चौकटीच्या बाहेरच ठेवा. ‘सोडवा’, ‘सिद्ध करा’ आत टाकलंत की मात्रा आणि जोडाक्षरं बिघडायची भीती असते.

ही नावं साध्या मजकुरातही चालवता येतात. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’, ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ असं आत जा, ‘मॅथ ऑटोकरेक्ट’ चा टॅब उघडा आणि चौकटीबाहेरही नियम वापरा अशी वरची खूण करा.

ऑटोकरेक्टमध्ये स्वतःचे शॉर्टकट करणारेही पुष्कळ आहेत. त्यांची नेहमीची तक्रार: “काल चालत होतं, आज त्याच फाइलीत चालेना.” ऑटोकरेक्टची यादी भाषेप्रमाणे वेगळी असते. तुम्ही शॉर्टकट इंग्रजी मजकुरात बसून केला आणि आता कर्सर आहे मराठी म्हणून नोंदलेल्या ओळीत. ऑटोकरेक्टची खिडकी उघडली की वरच्या पट्टीत भाषेचं नाव दिसतं, ते वाचा. मराठीच्या यादीतही तोच शॉर्टकट एकदा घाला.

जाता जाता: सेमीच्या पेपरात पर्यायांना कंसात सी लिहिलं की वर्ड त्याचं © करतो. लगेच कंट्रोल + झेड दाबा, नाहीतर तिसरा पर्याय कॉपीराइट होऊन छापून येतो. आलेला आहे.

माझ्याकडे बरोबर, दुसरीकडे चूक

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार हा. कारण पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर सगळं ठीक असतं आणि तो शपथेवर सांगतो की मी बरोबर दिलंय.

पहिली चाचणी अशी: संशयित ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. नोटपॅड फॉन्टची सजावट घेत नाही, फक्त मूळ चिन्ह घेतो. ≤ तिथंही ≤ च राहिलं तर ते खरं. £ झालं, चौकोन झाला, नाहीतर दुसरंच काही झालं तर ते वरवरचं. वर्डमध्ये ऑल्ट + एक्स करूनही कळतं: २२६४ दिसलं तर अस्सल, दुसरं काहीही दिसलं तर फॉन्टनं चढवलेला मुखवटा.

हा मुखवटा बहुधा ‘सिम्बॉल’ नावाच्या जुन्या फॉन्टचा असतो. त्या फॉन्टमध्ये पाउंडच्या जागेवर ≤ चं चित्र आहे, वरच्या ³ च्या जागेवर ≥ चं, आणि इंग्रजी पीच्या जागेवर π चं. फॉन्ट टिकला तोवर ठीक. फाइल दुसरीकडे गेली, फॉन्ट बदलला, की ‘क्ष ≤ ५’ चं ‘क्ष £ ५’ होतं. जुने पेपर उकरून त्यातले प्रश्न उचलणाऱ्यांच्या फाइलीत हे सगळीकडे पसरलेलं असतं. वर्डच्या ‘इन्सर्ट’ मधल्या ‘सिम्बॉल’ खिडकीतूनही ते येतं, कारण तिथं फॉन्टच्या यादीत ‘सिम्बॉल’ निवडलेला असतो. तिथं यादीतलं सगळ्यात वरचं ‘नॉर्मल टेक्स्ट’ निवडा, शेजारच्या यादीतून ‘मॅथेमॅटिकल ऑपरेटर्स’ घ्या, आणि तिथलं चिन्ह टाका. दिसायला तेच, पण हे टिकतं.

दुसरा मुखवटा आपला घरचाच. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये १२८ च्या पुढच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेत: कुठं अर्धा श, कुठं रफार, कुठं एखादी मात्रा. ×, ÷, ±, ° ही चिन्हं नेमकी त्याच पट्ट्यात येतात. त्यामुळे श्रीलिपीत टाईप करताना ०२१५ दिलं की गुणाकाराऐवजी जोडाक्षराचा तुकडा दिसतो. चिन्ह बरोबरच टाकलेलं असतं, फॉन्ट त्याला भलतं रूप देतो. तेवढं एक चिन्ह निवडून त्याला टाइम्स न्यू रोमन किंवा कॅम्ब्रिया मॅथ लावा, दिसतं. कायमचा उपाय मात्र युनिकोड मराठीत लिहायचा: निर्मला, मंगल, कोकिळा, जो आवडेल तो फॉन्ट. ज्यांचा वीस वर्षांचा साठा श्रीलिपीत आहे त्यांना हे सांगणं सोपं, करणं अवघड, हे मान्य. निदान नवीन पेपर तरी युनिकोडमध्ये काढा.

आणि पेजमेकर, छपाईची पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम. अजून आहे तो, कोल्हापुरातच काय, सगळीकडे. त्याची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची आणि त्याला युनिकोड कळत नाही. युनिकोड न कळणाऱ्या अशा जुन्या प्रोग्रॅममध्ये ≤ चिकटवलं की विंडोज एकतर ? देतं, किंवा त्यातल्या त्यात जवळचं वाटणारं अक्षर शोधून देतं. ∞ चा इंग्रजी 8 होतो. √ चा इंग्रजी व्ही होतो. आणि ≤, ≥ दोन्हींचं होतं =. प्रश्नचिन्ह परवडलं, ते प्रूफ वाचताना डोळ्यात भरतं. ‘असमानता सोडवा’ खाली ‘२क्ष + ३ = ९’ छापलेलं असेल तर प्रूफ वाचणारा पुढं जातो, कारण ओळ दिसायला निर्दोष असते. परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्या बाकावरची मुलगी हात वर करते तेव्हा कळतं. म्हणून पेजमेकरवाल्याला मजकूर देणार असाल तर सोबत पेपरचा छापील कागद किंवा पीडीएफ द्या आणि प्रत्येक ≤, ≥, ∞ ला लाल गोल करा. प्रूफ आलं की फक्त ते गोल तपासा.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना तिसरीच गोष्ट घडते. अंशासाठी पुष्कळ जण ९० च्या पुढं एक शून्य टाकतात आणि त्याला सुपरस्क्रिप्ट करून वर नेतात. वर्डमध्ये सुंदर दिसतं. मजकूर कॉपी करून ग्रुपवर टाकला की सुपरस्क्रिप्ट गळून पडतं आणि काटकोन ९०० अंशांचा होतो. घातांकांचंही तेच: क्ष चा वर्ग म्हणून वर नेलेला २ खाली येतो आणि क्ष२ होतं. म्हणून अंशाला खरं ° वापरा, वर्गाला ², घनाला ³. चौथ्यापासून नवव्या घातापर्यंत वर्डमध्ये २०७४ ते २०७९ आणि ऑल्ट + एक्स. खालच्या छोट्या १, २ साठी २०८१, २०८२. हे सगळे सुटे, स्वतंत्र वर्ण आहेत, कॉपी केल्यावर जागा सोडत नाहीत. समीकरणाच्या चौकटीतलं गणित तर असं जातच नाही, त्याचा स्क्रीनशॉट काढूनच पाठवा.

वजाचिन्हाची तक्रार वेगळी. कीबोर्डवरची छोटी रेघ टाकली की ओळीच्या शेवटी ती एकटीच राहते आणि ५ पुढच्या ओळीत जातो. उणे पाच पुढच्या ओळीत नुसतं पाच दिसतं. खरं − वापरलं तर ते आकड्याला चिकटून राहतं.

चौकोन येत असतील, म्हणजे चिन्ह खरं आहे पण समोरच्या मशीनवरच्या त्या फॉन्टमध्ये त्याचं चित्र नाही, तर ओळ निवडून कॅम्ब्रिया मॅथ किंवा सेगो यूआय सिम्बॉल लावून बघा. आणि झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल देऊ नका. पीडीएफ करा, ती आपल्या मोबाइलवर उघडून नजर टाका, मग द्या. बिंदू चौकातल्या दुकानदाराकडे कुठला वर्ड आहे आणि कुठले फॉन्ट आहेत याची काळजी आपण कशाला करायची?

मॅकबुकवाल्यांना यातलं फारसं सोसावं लागत नाही. ऑप्शन धरून स्वल्पविराम म्हणजे ≤, पूर्णविराम म्हणजे ≥, = म्हणजे ≠, व्ही म्हणजे √, पी म्हणजे π, ५ म्हणजे ∞, बी म्हणजे ∫. बाकीच्यांसाठी कंट्रोल, कमांड आणि स्पेसबार एकत्र.

उद्यमनगरवाल्यांसाठी

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथले वर्कशॉपवाले याच प्रश्नासाठी येतात, फक्त त्यांची चिन्हं वेगळी: व्यासाचं, ± टॉलरन्सचं, अंशाचं आणि मायक्रॉनचं. कोटेशनमध्ये ‘Ø २५ ± ०.०५’ लिहायचं असतं आणि व्यासाच्या जागी ? जातं. मालक, व्यासाची दोन चिन्हं आहेत. खरं ⌀ हे युनिकोडमध्ये २३०० वर आहे, पण जुन्या बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये ते टिकत नाही. त्याच्यासारखं दिसणारं Ø हे खरं तर युरोपातलं एक अक्षर, ऑल्ट + ०२१६, आणि ते विंडोजच्या २५६ चिन्हांच्या यादीत असल्यामुळे बहुतेक ठिकाणी सुखरूप पोचतं. गिऱ्हाइकाला कोटेशन पाठवताना मी हेच वापरायला सांगतो. शुद्धतेपेक्षा माप कळणं महत्त्वाचं. मायक्रॉनचा µ ऑल्ट + ०१८१.

ऑटोकॅडमध्ये मात्र यातलं काहीच लागत नाही. मजकुरात दोन टक्केचिन्हं देऊन इंग्रजी सी टाकला की व्यास, डी टाकला की अंश, पी टाकला की ±. अडचण येते ती ड्रॉइंगवरची ओळ कोटेशनमध्ये उचलताना: टक्केचिन्हं आणि अक्षर तशीच्या तशी येऊ शकतात. पाठवण्याआधी कंट्रोल + एफ दाबून %% शोधा, सापडलं तिथं खरं चिन्ह घाला, आणि मग पीडीएफ करा.